कमी ऐकू येणारं लेकरू चिडतं, चावतं, दारात आडवं पडतं: आधी काय बघायचं आणि मग काय करायचं

चिऊ दीड वर्षाची असताना आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच गोंधळ व्हायचा. मी चप्पल घातली की ती दारात आडवी पडायची, टाचा आपटायची, डोकं फरशीवर आपटायला जायची. सासूबाई म्हणायच्या हट्टी आहे, बापावर गेलीय. शेजारच्या अक्का म्हणायच्या दृष्ट लागली, मीठ-मोहरी ओवाळून टाक. आणि मी तिला तशीच खांद्यावर टाकून जिना उतरायचे, ती किंचाळत, आख्खी चाळ बघत. पुढे तिच्या कानाची तपासणी झाली, दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतंय असं निघालं, तेव्हा मला त्या चपलेचं कळलं. आईने चप्पल घातली म्हणजे कधी सोलापूरच्या कंबर तलावावर फिरायला, कधी मामाकडे, आणि कधी सुई टोचणाऱ्या डॉक्टरकडे. बाकीच्या लेकरांना आपण चप्पल घालता घालता दहा वेळा सांगतो, चला, भूर्र जायचं, बागेत जायचं. तिच्यापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. तिला फक्त चप्पल दिसायची.

म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरात एक ते तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू आहे, ऐकू कमी येतं असं कळलंय किंवा तशी शंका आहे, आणि लेकरू "फार त्रास देतं" म्हणून सगळे बोलतायत, त्यांच्यासाठी. मी आई आहे, डॉक्टर नाही, तपासणी आणि कानाच्या मशीनचं (ऐकण्याच्या यंत्राचं) सेटिंग ज्याचं त्यानेच करायचं. पण घरात दिवसभर काय करायचं हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं, ते सगळं चुकत चुकत शिकले.

शंका असेल तर थांबू नका

आम्ही थांबलो. एका डॉक्टरांनी सांगितलं की मुलं उशिरा बोलतात, तीन वर्षांची होऊ द्या, आणि घरच्यांना तेच ऐकायचं होतं कारण हिचे बाबा पण उशिरा बोलले होते म्हणे. वेखंड उगाळून चाटवून झालं, जिभेला मध लावून झाला. त्यात आठ महिने गेले. घरी ताटल्या वाजवून बघितल्या, ती वळायची, म्हणून आम्ही निर्धास्त. आता कळतंय की ताटलीचा दणका, दार आपटल्याचा हादरा, मागून हललेली सावली, यातलं काहीही लेकराला वळवू शकतं, आणि मोठा ढण्ण आवाज ऐकू येणं म्हणजे बोलणं ऐकू येणं नव्हे. घरच्या टेस्टवर अजिबात विसंबू नका.

तपासणी दोन, नावं लक्षात ठेवा. ओएई, जी पटकन होते आणि फक्त आतल्या कानाचं काम बघते, आणि बेरा, ज्यात लेकरू झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून कानापासून मेंदूपर्यंत आवाज जातो का ते बघतात. जे बाळ जन्मल्यावर एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलंय त्याची नुसती ओएई करून भागत नाही, बेरा हवीच, कारण काही मुलांचा कान ठीक असतो पण पुढची नस आवाज नीट नेत नाही, अशांची ओएई पास होते आणि आईबाप घरी येऊन पेढे वाटतात. कावीळ खूप वाढलेली, मेंदूज्वर होऊन गेलेला, गरोदरपणात आईला रुबेला झालेला, घराण्यात कुणाला लहानपणापासून ऐकू न येणं, आणि आपल्याकडे होतात तशी मामा-भाचीची किंवा मामाच्या मुलीशी लग्नं, यातलं काही असेल तर अजिबात दिवस काढू नका. जगभरात नियम असा धरतात की जन्मल्यापासून एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपलं उशिरा कळलं असेल तर त्याचं रडत बसू नका, आज कळलंय ना, उद्या निघा. बेराच्या दिवशी लेकराला पहाटे उठवा आणि रिक्षात झोपू देऊ नका, नाहीतर टेस्टच्या टेबलावर टक्क जागं राहतं.

आणि कानात तेल घालणं आजच्या आज बंद. सासूबाईंना हे सांगायला मला धीर झाला नाही, शेवटी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन लावणाऱ्या मॅडमनी सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं.

चिडली, चावली, फेकाफेकी केली की पहिलं काम कान बघणं

हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगते. मशीन लागून तीन-चार महिने झाले होते, एप्रिल महिना, आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, पारा चाळीसच्या वर. सकाळपासून चिऊ चिडचिड करत होती, दुपारी जावेच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावली, दात उमटले. मी तिला मारलं. जोरात मारलं. संध्याकाळी मशीन काढलं तर मोल्डच्या, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेल्या बोळ्याच्या पारदर्शक नळीत घामाचा एक थेंब अडकलेला, मोत्याएवढा. त्या थेंबाने डाव्या कानाचा आवाज बंद झाला होता आणि उजवीकडचा सेल उतरलेला. म्हणजे बहुतेक सकाळपासून तिला काहीच ऐकू येत नव्हतं, जावेचा मुलगा मागून येऊन तिची बाहुली ओढत होता, ती दचकत होती आणि चावत होती. तो थेंब मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून आमचा नियम, वागणं अचानक बिघडलं की आधी मशीन, मग कान, मग बाकी सगळं. मशीन बघायचं म्हणजे सेल आहे का, नळीत पाणी किंवा मळ आहे का, नळी कडक झाली का, मोल्ड सैल होऊन शिट्टी मारतोय का. ऑडिओलॉजिस्टकडून एक छोटा रबरी फुगा मिळतो, मोल्ड मशीनपासून सोडवायचा आणि फुग्याने नळीतून हवा मारायची, थेंब उडतो. मशीन जोडलेलं असताना मारू नका. स्वतः ऐकून बघायला स्टेथोस्कोपसारखी एक नळी मिळते ती घ्याच, कारण मशीनची लाइट लागलेली असते पण आवाज फाटलेला असतो हे कानाने ऐकल्याशिवाय कळत नाही. रात्री मशीनचं सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत टाका, घाम वाळतो. सेलचा स्टिकर काढल्यावर एक मिनिट थांबून मग बसवा, तो हवेवर चालणारा सेल आहे, हवा लागू द्यावी लागते. लेकराचा कान वाढतो तसा मोल्ड लहान पडतो, या वयात दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो, शिट्टी वाजायला लागली की समजायचं आता माप द्यायला जायचं. शिट्टी वाजते म्हणून मशीनचा आवाज कमी करून ठेवणारे लोक बघितलेत मी, ते करू नका, मग मशीन असून नसल्यासारखं.

मशीन ठीक आहे तर कान. सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि आधीच कमी असलेलं ऐकणं आणखी खाली जातं. मळ साठतो. सर्दीनंतर आठवडाभर लेकरू विचित्र वागतंय तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

आणि रोज सकाळी सहा आवाजांची परीक्षा. आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग नावाच्या माणसाने ही ठरवली म्हणून तिला लिंग टेस्ट म्हणतात, आणि गंमत म्हणजे हे सहाही आवाज आपल्या बाराखडीतलेच आहेत, वेगळं काही शिकायला नको. म आणि ऊ खालच्या पट्टीतले, श आणि स वरच्या पट्टीतले, बोलण्यातले बाकीचे आवाज यांच्या मध्ये बसतात. लेकराच्या शेजारी किंवा जरा मागे बसायचं, साधारण एक मीटरवर, आणि नेहमीच्या आवाजात एकेक म्हणायचं. तोंडावर हात धरू नका, आवाज बदलतो. लहान असेल तर नुसतं थबकणं, डोळे मोठे करणं, वळणं, एवढं बघा. दोन-अडीच वर्षांचं झालं की खेळ करा, आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा. सुरुवातीला मी शेंगदाणे घेतले होते, घरात तेच हाताशी असतात, पण ते घशात अडकतात, ठोकळेच घ्या. कालपर्यंत स ऐकू येत होता आणि आज येत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, त्या दिवशी शाळा-अंगणवाडीत पाठवायच्या आधी ते शोधा.

बोलायचं कुठून आणि कसं

लांबून हाक मारणं सोडून द्या. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणजे स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा चार पावलं चालत गेलेलं बरं. समोर जायचं, गुडघ्यावर बसायचं, तिच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं, खांद्याला हलका हात लावायचा, तिने बघितलं की मग बोलायचं. उजेड आपल्या तोंडावर पडला पाहिजे, खिडकीकडे पाठ करून बसलात तर तिला तुमचं तोंड काळं दिसतं. मागून अचानक उचलू नका, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू नका. हे दोन्ही आमच्या घरात सगळेच करायचे आणि मग म्हणायचे अंगाला हात लावू देत नाही.

आता आपल्या गावची अडचण. आम्ही राहतो त्या भागात खाली यंत्रमाग आहेत, सकाळपासून खटाखट खटाखट, आपल्याला सवय झाली म्हणून ऐकू येत नाही, पण मशीन त्या आवाजाला पण मोठं करतं. उन्हाळ्यात त्यात कूलरची घरघर. घर बदलणं शक्य नव्हतं, मग आम्ही एक केलं, मागची खोली, जिथे आवाज कमी येतो, तिथे खाली चटई, त्यावर दोन सोलापुरी चादरी, भिंतीला एक जुनी जाड चादर टांगली, आवाज घुमणं बरंच कमी झालं. रोज अर्धा तास कूलर बंद, टीव्ही बंद, घाम येऊ दे, आणि फक्त चिऊ आणि मी. बोलणं शिकवायचं ते तिथेच.

भाषेचं पण सांगते, कारण आपल्याकडे एका जिन्यात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं असतं. तुमच्या तोंडात जी भाषा सहज येते ती बोला. घरी तेलुगू असेल तर तेलुगू. शाळा मराठी आहे म्हणून आईने तोडकं-मोडकं मराठी बोलत बसू नये, लेकराला भरपूर आणि जिवंत बोलणं लागतं, ते आईच्याच भाषेत मिळतं. दुसरी भाषा नंतर शिकतात, ऐकू कमी येणारी मुलं पण दोन भाषा शिकू शकतात.

पुढे काय होणार ते तिला आधी दिसू द्या

चपलेचा गोंधळ कसा थांबला ते आता. मी मोबाइलवर फोटो काढले, तलावाचा, मामाच्या दाराचा, दवाखान्याचा, अंगणवाडीचा, भाजी मंडईचा, आंघोळीच्या बादलीचा, अंथरुणाचा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पासपोर्टपेक्षा जरा मोठे प्रिंट, लॅमिनेशन, कोपऱ्यात भोक आणि चाव्यांची कडी. चप्पल घालायच्या आधी तिच्यासमोर बसायचं, चप्पल दाखवायची, फोटो दाखवायचा, तोंडाने बोलायचं "मामाकडे जायचं". दवाखान्यात जायचं असेल तर दवाखान्याचाच फोटो, खोटं नाही. पहिल्यांदा दवाखान्याचा फोटो दाखवला तेव्हा ती रडली, पण दारात आडवी पडली नाही, माझ्या कमरेला धरून रडली. मला तो दिवस फार मोठा वाटला. आठ-दहा दिवसांत ती स्वतः कडी घेऊन यायला लागली आणि तलावाचा फोटो माझ्या नाकासमोर धरायला लागली.

आणि एक सवय आपल्या सगळ्यांच्या घरात असते, लेकराची पाठ फिरली की गुपचूप सटकायचं, रडायला नको म्हणून. ऐकू येणाऱ्या पोराला निदान दाराचा, गाडीचा आवाज येतो. हिने वळून बघितलं तर आई नाहीच. मग ती दिवसभर पदराला चिकटून राहते, बाथरूमला जाऊ देत नाही, आणि आपण म्हणतो फार चिकट झालीय. सांगून जा, दाखवून जा, रडली तर रडू द्या. हिचे बाबा रात्रपाळीला जायचे, त्यांनी डबा दाखवून, कारखान्याचा फोटो दाखवून, पापा देऊन जायला सुरुवात केली, पंधरा दिवसांत रात्रीचं उठणं कमी झालं.

रात्रीचं कारण अजून एक आहे. मशीन काढलं की आवाज गेला, लाइट घालवली की डोळे पण गेले. बारीक दिवा लावून ठेवा. मशीन काढायच्या आधीच गोष्ट, पापा, उद्याचा फोटो, सगळं उरकून घ्या, आणि हात धरून झोपवा, हाताचा स्पर्श कळतो.

चावणं, मारणं, किंचाळणं

दोन वर्षांचं कुठलंही पोर चावतं, ते वयच आहे. फरक एवढाच की बाकीची पोरं हळूहळू "माझं", "नको", "दे" बोलायला लागतात आणि चावणं सुटतं, हिच्याकडे शब्द नाहीत म्हणून दातच राहतात. म्हणून रागावण्याआधी शब्द द्या, आणि तोंडाचा शब्द यायला वेळ लागणार असेल तर हाताचा द्या. आम्ही सहा खुणा ठरवल्या, नको, अजून, दे, झालं, दुखतंय, मदत. घरातल्या सगळ्यांनी त्याच वापरायच्या, चुलत भावाने पण. खुणा शिकवल्या की बोलणार नाही असं बरेच जण सांगतील, मलाही सांगितलं, पण खुणांमुळे बोलणं अडत नाही. चिऊचं "नको" आधी हाताने आलं आणि दोन महिन्यांनी तोंडाने. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने १०,००० शब्दांच्या खुणांचे व्हिडिओ केलेत, फुकट बघायला मिळतात, त्यातूनच खुणा घ्या म्हणजे पुढे इतर मुलांशी पण चालतील.

तमाशा पूर्ण भरात असताना बोलू नका. तिने डोळे मिटले म्हणजे दार लावून घेतलं, आता काही आत जात नाही. डोकं आपटणार नाही एवढं बघा, जवळ बसा, डोळे उघडले की एक खूण, एक शब्द. आणि तोंडावर एकच भाव ठेवा. ही मुलं आपलं तोंड वाचतात, आजोबा "चावायचं नाही" म्हणतात आणि मिशीत हसतात, तिला हसणंच दिसतं. अंधाऱ्या खोलीत कोंडणं तर कुठल्याच लेकराला करू नये, या लेकरांना मुळीच नाही.

पण शिस्त सोडूही नका. "बिचारी, तिला कुठे ऐकू येतं, घेऊ दे" हे आमच्याकडे एवढं चाललं की ती तीन वर्षांची होईपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या ताटातलं उचलायची. जे चुलत भावाला नाही ते तिलाही नाही. फक्त "नाही" का ते समजावायला जास्त वेळ लागतो, कारण भाऊ आजीचं आणि आईचं बोलणं कानावर पडून शिकतो, तव्याला हात लावला की भाजतं, बाळ झोपलंय तर हळू. तिच्या कानावर असं आपसूक काही पडत नाही. प्रत्येक गोष्ट मुद्दाम समोर आणून दाखवावी लागते. भाकरी टाकताना मी तिला कट्ट्याच्या दूर उभी करून तव्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला, चर्र झालेलं तिने बघितलं, वाफ बघितली, मग "गरम" ही खूण केली. परत तव्याकडे हात नाही गेला.

संध्याकाळी पाच-सहाला रोज चिडचिड होत असेल तर ती दमलीय. मशीनमधून दिवसभर ऐकणं म्हणजे मेंदूला मेहनत असते. अंगणवाडीतून आल्यावर अर्धा तास काही विचारू नका, शांत खोली, पाणी, खाऊ, चित्रं.

मशीन काढून फेकणं

आधी कारण. टोचतंय का, कान लाल आहे का, आवाज फार मोठा होतोय का, की तुम्ही धावत येता म्हणून मजा वाटतेय. चिऊची मजा होती. मशीन काढलं की आख्खं घर पळायचं. मग मी चेहरा मख्ख ठेवून परत घालायला सुरुवात केली, न बोलता, दिवसातून वीस वेळा. दोन्ही मशीन दोरीने जोडून क्लिप फ्रॉकच्या पाठीमागे लावायची, हिवाळ्यात पातळ कापडाची टोपी. जागी असेल तेवढा वेळ मशीन कानात, हेच शेवटी गाठायचं असतं, पण सुरुवात जेवताना-खेळताना दहा-पंधरा मिनिटांनी केली तरी चालते.

सेलची मात्र भीती बाळगाच. लेकरांच्या मशीनला सेलच्या दाराचं लॉक मागून घ्या, वापरलेले सेल लगेच वेगळ्या डबीत उंचावर. गिळला, नाकात घातला, कानात घातला, किंवा नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळं भरवत बसू नका, सरळ दवाखान्यात, एक्स-रे काढायला. काही तासांत आतून भाजतं.

गर्दीत जाताना, गड्ड्याची जत्रा असो की गणपतीची मिरवणूक, लेकराच्या खिशात आणि गळ्यात दोन्हीकडे चिठ्ठी, "मला ऐकू येत नाही" आणि तुमचा फोन नंबर. हाक मारून सापडणारं लेकरू नाही हे. डीजेजवळ नेऊच नका.

वाढ बरोबर चाललीय का

इथे एक हिशोब समजून घ्या, ऐकण्याचं वय. चिऊ अडीच वर्षांची होती पण मशीन लागून आठच महिने झाले होते, म्हणजे ऐकण्यात ती आठ महिन्यांची. तिने बाबा-मामा-दादा बडबड सुरू केली होती, आठ महिन्यांच्या बाळासारखी, म्हणजे ठीक चाललं होतं. साधारण वर्षाला एक-दोन शब्द, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास शब्द आणि "आई ये", "दूध दे" अशी जोडी, हे माप मशीन लागल्या दिवसापासून मोजा. पण महिन्यामागून महिने जातायत, मशीन दिवसभर कानात आहे, आणि काहीच हलत नाही, तर ऑडिओलॉजिस्टला थेट विचारा, मशीन पुरतंय का, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात आत बसवायचं यंत्र, लागेल का. हे विचारायला उशीर करू नका.

काही गोष्टी मात्र ऐकू न येण्याच्या खात्यावर टाकायच्या नाहीत, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण सगळंच कानावर ढकलतो. ऐकू न येणारं लेकरू डोळ्यांनी उलट जास्त बोलतं. बोट दाखवतं, हात धरून नेतं, तुमच्या तोंडाकडे टक लावून बघतं, नक्कल करतं, बाहुलीला जेवू घालतं. दीड वर्ष होऊनही बोट दाखवत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, काही आवडलं तर तुम्हाला दाखवायला आणत नाही, गाडी चालवण्याऐवजी तासन्‌तास चाकच फिरवतं, तर बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवा. येत असलेलं काही सुटलं, शब्द, खूण, हसणं, तर कुठल्याही वयात लगेच. नऊ महिने होऊन बसत नाही, दीड वर्ष होऊन चालत नाही, अंधारात फार धडपडतं, तर तेही सांगा, कानातच तोल सांभाळणारा भाग असतो, तो पण कमजोर असू शकतो. डोळे एकदा तपासून घ्याच, ज्याला कान कमी त्याला डोळे पूर्ण लागतात. आणि अगदीच ऐकू न येणारं लेकरू रडता रडता, पळता पळता बेशुद्ध पडलं तर "श्वास कोंडला" म्हणून सोडू नका, ईसीजी काढायला सांगा, बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्याचा एक दुर्मिळ आजार असतो.

सोलापुरात सुरुवात करायला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथला कान-नाक-घसा विभाग. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, लवकर काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, योजनांना ते लागतंच. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत (अपंगांना साधनं देणारी योजना) पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लांट मिळू शकतं आणि ते काम मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. वयाची अट आहे, कागदांसाठी वर्ष घालवू नका.

शेवटचं काम आजपासून सुरू करा, दहा रुपयांची वही. लेकरू बिघडलं की त्या वेळी काय चाललं होतं ते दोन ओळीत लिहायचं, कोण होतं, आवाज होता का, मशीन चालू होतं का, आधी सांगितलं होतं का, आणि नंतर काय केलं. माझ्या वहीत एका पानावर असं आहे: "मंगळवार, सहा वाजता, भाजीवाला दारात, सगळे एकदम बोलत होते, चावली. डावं मशीन बंद." त्याखाली: "बुधवार, सहा, परत भाजीवाला. मशीन चालू. मंडईचा फोटो दाखवला. टोमॅटो स्वतः निवडले." पुढच्या तारखेला ती वही ऑडिओलॉजिस्ट आणि बोलणं शिकवणाऱ्या थेरपीच्या मॅडमसमोर ठेवा, तोंडी सांगायला गेलं की निम्मं विसरायला होतं.